धनसिंग मोह घेऊन येत होता

धनसिंग सयाम गेला तो एका सकाळी, मोह पडायच्या दिवसांत, चिचगडच्या डांबरी रस्त्यावर. उजाडायच्या आत सायकल काढून जंगलात गेला होता. झाडाखालची फुले वेचली, पोत्यात भरली, पोते कॅरियरला बांधले आणि घराकडे निघाला. वळणावर गिट्टीचा टिप्पर आला, भरधाव आणि नको त्या बाजूने. माणूस एकीकडे पडला, सायकल दुसरीकडे. पोते फाटले आणि पिवळी फुले साऱ्या रस्त्यावर सांडली. टिप्परची चाके त्यांच्यावरून गेली. ताज्या मोहफुलाचा वास तसाही डोक्यात जातो, चिरडलेल्याचे तर विचारूच नका. पोलीस आले तोवर ऊन चढले होते आणि रस्त्याचा तेवढा तुकडा भट्टी लावल्यासारखा घमघमत होता.

त्याच दुपारी त्याच्या बायकोचे, चमेलीचे, बयान घेतले. जमादार घाटावरून नवीनच बदलून आलेला. त्याने विचारले, तुमचे मालक कुठून येत होते? चमेली म्हणाली, "मोह घेऊन येऊन राहिले होते, साहेब." त्याने लिहून घेतले. आणखी काय काय विचारले, तिने काय काय सांगितले, तिचे तिला ठाऊक नाही. शेवटी कागद पुढे केला आणि तिने सही केली. चमेली दुसरी पास. गावातल्या तिच्या वयाच्या बाया अंगठा लावतात, ही नाव लिहिते, याचा धनसिंगला केवढा तोरा होता! अंगठाच बरा म्हणायचा. अंगठा लावणारीला निदान कोणी वाचून सही केली असे म्हणत नाही.

भरपाईचा दावा लावला तो लेकीने, दिव्याने. देवरीच्या कॉलेजात शिकते, बापासारखी हट्टी. चमेलीचे मन नव्हते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चमेली स्वतःला शहाणी समजत नव्हती, पण भ्यायला शहाणपण कुठे लागते? त्या सकाळपासून ती सगळ्याला भीत होती. मागून गाडीचा आवाज आला की रस्ता सोडून शेतात उतरायची. पोस्टमन दिसला की दार लोटून घ्यायची. दिव्याची देवरीहून यायची एखादी बस चुकली तर ही फाट्यावर जाऊन उभी, आणि तिथे उभे राहायचीही भीती, कारण तिथून टिप्पर जात.

दोन वर्षे नुसत्या तारखा पडल्या. मग एके दिवशी वकीलीनबाईंचा फोन आला, मायलेकी दोघींनी या.

वकीलीनबाई म्हणजे अल्का मॅडम. राहायला गोंदियाजवळ फुलचूरला, पुढच्या खोलीत टेबल टाकून तिथेच ऑफिस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली फायलींची उतरंड. बोलायला तिखट, पण आल्या माणसाला आधी पाणी द्यायची.

"चमेलीताई, टिप्परच्या विमा कंपनीचं उत्तर आलं," ती म्हणाली. "ऐका. 'मयत इसम मोहाची दारू घेऊन सायकल चालवत होता. ही बाब खुद्द त्याच्या पत्नीने आपल्या बयानात कबूल केली आहे.'"

चमेलीने दिव्याकडे पाहिले. "मी कधी सांगितलं असं?"

अल्का मॅडमने बयानाची नक्कल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "'माझे पती मोह घेऊन येत होते.' खाली तुमची सही."

"मंग? घेऊनच येत होते ना! घेऊन नाही तं काय देऊन येत होते?"

दिव्याने कपाळाला हात लावला. "माय वं, घेऊन म्हनजे पिऊन."

"काय म्हनतेस?"

"शहरात तसं म्हनतात. हा घेते, तो घेते."

चमेलीच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांच्या गावात पिणाऱ्याला पितो म्हणतात, तोंडावर म्हणतात, त्याची बायको चारचौघांत म्हणते. शहरातल्या माणसाला मात्र पितो म्हणायची लाज वाटते, म्हणून तो 'घेतो'. आता ही लाज चमेलीला कोण शिकवणार होते?

"पन मॅडम, गावाले विचारा ना. पोतं होतं. फुलं होती रस्त्यावर."

"पंचनाम्यात फुलं नाहीत. 'मोहाचा उग्र वास' आहे. अन् डॉक्टरच्या कागदावर दारूचं हो पण नाही, नाही पण नाही." अल्का मॅडमने फाईल मिटली. "घाबरू नका. पुढच्या तारखेला तुमची उलटतपासणी आहे. कंपनीचा वकील विचारेल, तुम्ही सांगायचं, मोहफुलं वेचून आणत होते. वेचून. घेऊन हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"नाही काढत," चमेली म्हणाली, आणि लगेच, "दिव्या, चाल, थैली घेऊन ये."

अल्का मॅडमने डोळे मिटून घेतले.

घरी येताना बसमध्ये चमेली तोंडावर पदर धरून बसली. इतके दिवस ती टिप्परवाल्याला भीत होती, काळ्या कोटाला भीत होती. आता ती स्वतःच्या तोंडाला भिऊ लागली. माणूस टिप्परने मारला, त्याचे नाव आपण मारले, हे तिच्या मनाने घेतले. दावा गेला तर दिव्याचे शिक्षण जाईल हे होतेच. पण त्याहून मोठे भय असे, की पिऊन मेला हे सरकारी कागदावर राहील आणि उद्या दिव्याची लेकरे तेच वाचतील.

मग ती 'घेऊन' सोडायला बसली. तो शब्द दिवसातून किती वेळा तोंडात येतो हे तिला तेव्हा कळले. पाणी घेऊन ये, शेळ्या घेऊन जा, काडीपेटी घेऊन दे. शेजारच्या मंदाबाईने आवाज दिला, "चमेली, कुठं चालली वं?" तर ही घागर डोक्यावर घेऊन मुकी उभी.

"तोंडात मीठ भरलं का?"

"पानी... आनाले," चमेली म्हणाली.

"मंग इतकं भिऊन काऊन सांगतेस? विहीर का मी बंद करून राहिली?"

हसायची गोष्ट होती. मंदाबाई हसलीही. चमेलीला घाम फुटला होता.

तारखेच्या आठ दिवस आधी मोनू आला. मोनू म्हणजे टिप्परच्या शेठचा माणूस. मोटारसायकल, काळा चष्मा, बोलणे गोड. चमेली अंगणात मोह वाळत घालत होती. नवऱ्याच्या मागे आता तीच वेचायची, पण डांबरी रस्त्याने जात नसे, झुडपातून लांबचा फेरा घालायची.

"राम राम, भाभीजी," मोनू म्हणाला. "महुआ सुखा रहे हो? अच्छा है, अच्छा है." खाटेवर न विचारता बसला. "काहे को कोर्ट जा रहे हो? वहाँ सब पूछते हैं. घर में महुआ की दारू बनती है क्या, ये भी पूछेंगे. बोलोगे नहीं, तो झूठ. बोलोगे हाँ, तो पुलिस घर देखने आएगी. लड़की पढ़ रही है ना?"

चमेलीच्या हातातली फुले हातातच राहिली.

"शेठ खराब आदमी नहीं है. कागज पे दस्तखत कर दो, बात खतम. दस्तखत तो आती है ना आपको?"

तो गेला तरी मोटारसायकलचा आवाज तिच्या कानातून जाईना. कारण मोनू खोटे बोलला नव्हता. घरात बाटली होती. देवाच्या कोनाड्याखाली, कापडात गुंडाळून. सयामांच्या घरी नवे धान्य आले की देवाला मोहाची धार पाडतात, लग्नात पाडतात, माणूस गेला की त्याच्या नावाने पाडतात. धनसिंगच्या नावानेही जमिनीवर धार सोडली होती आणि पाहुण्यांना दिली होती. बिनधारेचा माणूस वाटेत अडकतो, असे सासू सांगून गेली. आता तीच धार कोर्टात त्याच्या तोंडात ओतणार होते.

ती बाटली घेऊन, हो, घेऊनच, नाल्यापर्यंत गेली. टाकून द्यावी, तुटली म्हणावे. काठावर पुष्कळ वेळ उभी राहिली. देवाचा धाक एकीकडे, पोलिसांचा दुसरीकडे. शेवटी देव जास्त जवळ राहतो असा हिशेब करून बाटली परत कोनाड्याखाली ठेवली. दिव्याला यातले काही सांगितले नाही. अल्का मॅडमलाही नाही.

गोंदियाच्या कोर्टात पंखे जोरात फिरत होते. चमेलीला वाटले, त्यांच्यातच आपली छाती वाजून राहिली आहे. जज साहेब कोकणातले, वयाने फार नाहीत. टायपिंगवाली नूतन मॅडम मशीनपुढे बसली होती. मागच्या बाकावर मोनू, चष्मा खिशात. चमेलीने त्याला पाहिले आणि शपथ घेताना आपले नाव सांगायचे विसरली.

कंपनीचा वकील म्हातारा आणि नम्र होता. नम्र माणसाची चमेलीला जास्त भीती वाटली. ओरडणारा निदान कुठून येतो ते कळते.

"बाई, घाबरू नका हं," तो म्हणाला. "साधं विचारतो. धनसिंग रोज घ्यायचे का?"

याच शब्दाने तिला इतक्या रात्री झोपू दिले नव्हते, पण समोरच्या माणसाने तो इतक्या सहज उच्चारला की तिला तो ओळखूच आला नाही. तिला डोळ्यांपुढे झाड दिसले, झाडाखाली वाकलेला नवरा दिसला.

"मोसमात रोज," ती म्हणाली.

अल्का मॅडम ताडकन उठली. "सर, प्रश्नच संदिग्ध..."

"साक्षीदाराला उत्तर देऊ द्या," वकील म्हणाला. "मोसमात रोज. बरं. किती घ्यायचे?"

"दोन टोपल्या."

मागच्या बाकावर मोनू फिसकन हसला. वकीलही थबकला, पण हात आखडता घेणाऱ्यांपैकी तो नव्हता. "दोन टोपल्या! म्हणजे पुष्कळच. अन् त्या दिवशीही घेऊनच सायकलवर बसले होते?"

तेव्हा तिला कळले. दिव्या बाकावर तोंडावर हात धरून बसली होती. चमेलीला वाटले, झाले. दुसऱ्यांदा मारले आपण त्याला.

"पोतं," ती म्हणाली. "पोतं बांधलं होतं, साहेब. कॅरियरले."

जज साहेबांनी पेन खाली ठेवले. "बाई, मोह टोपलीत कसा मावतो? मोह म्हणजे दारूच ना?"

चमेलीने मान वर केली. एवढा शिकलेला माणूस आणि त्याला मोह ठाऊक नाही! भीतीच्या मधोमध तिला त्यांची कीव आली.

"नाही जी," ती म्हणाली. "मोह झाड हाये. फुल सकारी खाली पडते. आमी वेचतो, वाळवतो, खातो, बजारात इकतो. भाकरीत घालतो. जनावराले देतो. दारू तं मागून काढतात, सडवून. ताजं फुल पेता येत नाही, साहेब, चाबलावं लागते."

या वेळी सारे कोर्ट हसले, एकटा मोनू सोडून.

वकिलाने घसा साफ केला. "म्हणजे दारू काढता ना तुम्ही? तुमच्या घरी मोहाची दारू आहे का, नाही, एवढंच सांगा."

हाच तो प्रश्न. मोनूने सांगितलेला. चमेलीने कठड्याला दोन्ही हातांनी धरले. नाही म्हणावे तर शपथ घेतली होती, आणि ती बाटली देवाची होती. देवाची वस्तू घरात नाही म्हणणे तिला जमेना.

"हाये," ती म्हणाली. "एक बाटली. देवाची."

अल्का मॅडमचा चेहरा उतरला. वकील जजकडे वळून जरासा वाकला, लग्नात पंगत जेवून उठल्यासारखा.

"धनसिंग पीत होते का, बाई?" जज साहेबांनी स्वतः विचारले. त्यांनी पितो हाच शब्द वापरला. चमेलीला तो ऐकून धीर आला. आपल्या ओळखीचा शब्द होता.

"देवाच्या दिवशी पेत होते. लग्नात पेत होते. मी खोटं कायले बोलू? पन फुल वेचाले जाताना कोनी पेत नाही, साहेब. उपाशी जावं लागते. अस्वलही येते मोहाखाली. पेलेला मानूस अस्वलापुढून परत येत नाही."

मग प्रश्न संपले. नूतन मॅडमने टाइप केलेला कागद काढला आणि चमेलीपुढे ठेवला. "इथं सही करा."

चमेलीने पेन हातात घेतले. च काढायला टेकवलेही. तेव्हा तिचा हात थांबला. आतापर्यंतची सगळी भीती एका बाजूला आणि या कागदाची भीती दुसऱ्या बाजूला, अशी तागडी झाली, आणि कागदाची बाजू जड निघाली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"मले वाचून दाखवा जी. मी दुसरीच शिकली."

"सगळ्यांचं असंच असतं, बाई. करा सही, मागे लोक थांबलेत."

"बिना ऐकून मी नाही करत." सारे कोर्ट आपल्याकडे बघते आहे, पोलीस उचलून नेतील, असे तिला वाटत होते. तरी पेन तिने टेबलावर ठेवून दिले. "मागं एकदा केली होती. त्याच्यानंच हे झालं."

जज साहेबांनी मानेने खूण केली. नूतन मॅडम भराभरा वाचू लागली, बसचे थांबे सांगावेत तशी. "'...माझे पती मोसमात रोज मोह घेत असत. ते दोन टोपल्या घेत असत. माझ्या घरी मोहाची दारू आहे...'"

"नाही!" चमेली ओरडली. स्वतःचाच आवाज ऐकून दचकली आणि खाली बसली, जमिनीवरच. बसल्या बसल्या हात जोडले. "साहेब, पाया पडतो तुमच्या. वेचत. वेचत लिहा. फुलं लिहा. अन् बाटली देवाची लिहा."

शिपाई पुढे आला. जज साहेबांनी त्याला हाताने थांबवले. "त्यांना उठवा," ते दिव्याला म्हणाले. मग नूतन मॅडमला, "दुरुस्त करा. 'मोहाची फुले वेचून आणत असत.' 'दोन टोपल्या फुले.' अन् दारूचं पुढचं सगळं, देवाचं, लग्नाचं, उपाशी जायचं, अस्वलाचं, त्या बोलल्या तसं."

"अस्वल पण, सर?"

"अस्वल पण."

कागद पुन्हा निघाला. पुन्हा वाचला गेला. चमेलीने शब्दन्शब्द ऐकला, ओठ हलवत. मग सही केली. एवढी सावकाश, की कंपनीच्या वकिलाने दोनदा घड्याळ पाहिले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिला ओकारी झाली. अल्का मॅडमने तिच्या तोंडावर पाणी मारले आणि म्हणाली, "बाटलीचं मला का नाही सांगितलं हो?"

"तुमी टाकून दे म्हनलं असतं."

"म्हटलंच असतं."

"म्हनूनच."

निकाल दिवाळी होऊन गेल्यावर लागला. अल्का मॅडमने फोनवर सांगितले, दावा मंजूर झाला, दिव्याचे शिक्षण आता कुठे जात नाही. चमेली हो हो म्हणाली. पण कागद घरी आला तेव्हा तिने तो तीन दिवस डब्याखाली दाबून ठेवला. चौथ्या दिवशी दिव्या सुट्टीवर आली आणि तिने तो काढला.

"पैशाचं राहू दे," चमेली म्हणाली. "तुझ्या बापाचं काय लिहिलं ते वाच."

दिव्याने पाने उलटली. पुष्कळ पाने होती. मग तिला ओळ सापडली. "'मयत धनसिंग हा अपघाताच्या वेळी दारूच्या अमलाखाली होता हे शाबित झालेले नाही.'"

चमेली विचारात पडली. "शाबित झालं नाही म्हनजे?"

"म्हनजे तो पेलेला नव्हता, माय."

"मंग तसं काऊन नाही लिहिलं?"

"कोर्टात असंच लिहितात."

"हे तं असं झालं, की पेला असन, पन सापडलं नाही." चमेलीचा चेहरा पुन्हा तसाच झाला, बयानाच्या दिवसापासून होता तसा. "दिव्या, फोन लाव मॅडमले. इचार, हे बदलते का?"

"बदलत नाही. जिंकलो आपन."

"जिंकलो तं जिंकलो. पन लाव फोन."

दिव्याने लावला. तिकडे घंटी वाजत राहिली, आणि चमेली दाराच्या चौकटीला धरून, कागद दुसऱ्या हातात, उत्तराची वाट पाहत उभी राहिली.